हुकुमाआधीची मोकळी जागा

सोमवार
धाकटे, मी नातवाकडे राहायला जातेय हे तुला निघताना दारात सांगितलं होतं, आणि तू चहा संपायच्या आत विसरलीही असशील. म्हणून ही रोजनिशी. मी बोलते, कॉम्प्युटर लिहितो आणि तुला धाडतो. जन्मात अक्षराशी ओळख नाही, पण लेखिका झाले बघ! नातू ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळतो. घरातली दारं-दिवेही त्याच्या कॉम्प्युटरातल्या लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतात. वरचा बाण दाबला की मागचा हुकूम कुणी दिला ते कॉम्प्युटर बोलून दाखवतो. त्याला म्हणे हिस्टरी म्हणतात. हुकुमाआधी लांब कळ दाबून मोकळी जागा सोडली, तर मात्र तो हुकूम विसरतो. धाकट्या आजीसारखा, असं म्हणून नातू पोट धरून हसला. मीही हसले, रागावू नकोस.

बुधवार
न्हाणीघराचं दार आपोआप बाहेरून लागलं. नातू ऑफिसातून येईपर्यंत बादली पालथी घालून बसून होते. बाण दाबला, तर हिस्टरी कोरी. बिचारा बाह्या सरसावून बसला. म्हणाला, हिस्टरी ठेवायची प्रत्येकाची सेटिंग वेगळी होती. आता सगळ्या घरासाठी एकाच जागी बदललीय, नावासकट सगळं राहील. किती गुणाचं पोर!

शुक्रवार
पुन्हा तेच दार. या वेळी बाण बोलला: आजीने बंद केलं. अगं, मी वाटाणे सोलत होते! नातू गोड आवाजात म्हणाला, आजी, तुला आठवत नसेल. मग डॉक्टरांना फोनवर तेच सांगितलं. आपलं घर विकायला मी अंगठा देत नाही ना. मला विसरभोळी ठरवलं, की माझ्या जागी तोच सही करणार—

शनिवार
नातू कॉम्प्युटरपाशी होता, पडद्याआडून ऐकलं. लांब कळ वेगळी वाजते, धप्प. आधी धप्प, मग टकटक. त्या हुकुमाने नातू माझ्या नावात शिरला. ते कॉम्प्युटर विसरला. पुन्हा टकटक, या वेळी धप्प नाही, आणि दाराचा खटका. ते माझ्या नावावर राहिलं, नंतर बाण दाबून ऐकलं. या पोराला बोलायला मी शिकवलं गं. पहिला शब्द 'आजी'.

रविवार
डॉक्टरांनी हिस्टरी पाहिली. मान हलवली. मी लांब कळीचं सांगितलं— दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नातवाने माझी शाल नीट केली.

सोमवार
खोली उघडत नाही. कॉम्प्युटर माझा हुकूम घेत नाही. माझं हे लिहिणं बंद करायचं तेवढं राहिलंय नातवाचं— बाहेर धप्प वाजलं. म्हणजे हे कुणाच्याच हिस्टरीत नसणार. तू तरी लक्षात ठेव. तू येईपर्यंत कुणाच्या तरी हाती केळी पाठव, घड नको, एकेक सुटं, खिडकीच्या गजांतून येईल असं— आणि पाण्या—