ग्रामसभेतली माझी हजेरी

३ जुलै
दुरुस्ती. काल इथे ‘प्राध्यापकपदासाठी मुलाखत’ असं लिहिलं, ते चूक. काम तासिका तत्त्वावरचं आहे. आठवड्याला नऊ तास, तेही मार्चपर्यंत. मुलाखत २५ जुलैला. त्याआधी प्रबंध सादर केल्याचा दाखला हवा. सहा वर्षांत पाच प्रकरणं झाली. उरलेलं एक २० तारखेपर्यंत सहज होईल.

५ जुलै, सकाळी
वैजयंतीवहिनींनी विचारलं, राज्यशास्त्रात पीएचडी झाली की पुढं काय? मी सांगितलं, स्कोप मोठा आहे. अध्यापन, धोरण-संशोधन, निवडणूक विश्लेषण. त्या म्हणाल्या, “आन् खरं काय?”
भाकरी करपत होती, म्हणून उत्तर राहिलं.

९ जुलै
लिहिलं नाही. टेबल आवरलं. निष्कर्षच इतका भक्कम आहे की घाई नको: आमच्या गावच्या ग्रामसभेत बायकांची हजेरी बासष्ट टक्के. रजिस्टरातल्या सह्या मी स्वतः मोजल्या आहेत. गाइड सर म्हणतात, असा डेटा कुणाकडे नाही.

१२ जुलै
पंचायतीचे शिपाई जानकूभाऊ रजिस्टर घेऊन घरी आले. मे महिन्यातल्या ग्रामसभेच्या सह्या राहिल्या होत्या. आईने आणि वहिनींनी गॅसपाशी उभ्या उभ्या केल्या. मी विचारलं, नेहमी असंच? म्हणाले, “मग वो ताई! रानातली कामं टाकून बाया तिकडं येत्यात व्हय? मी दारोदार हिंडतो म्हणून कोरम भरतो.”
मागची पानं चाळली. मोजताना आकडा धरला होता, नावं आज वाचली. सगळ्या सभांना मीही हजर.
आई म्हणाली, “तू पुण्यात व्हतीस. तुझी मीच करते. इंग्रजीत.”

१३ जुलै
शाळेत घालण्याआधी वडिलांनी मला घरीच अक्षरं शिकवली. पाटीवरचं पहिलं वाक्य: ‘पाहिलं तेवढंच लिही.’ सरांना आजच सांगायचं ठरवलं. घरी रेंज नव्हती. घोडेगावला गेले. रेंज आली, पण सरांची जेवायची वेळ झाली होती.

२० जुलै
प्रबंध सादर केला नाही. खोट्या आकड्यांचा दाखला नेण्यापेक्षा रिकाम्या हाताने गेलेलं बरं. पॅनेलला प्रामाणिकपणा दिसेल.

२५ जुलै
मुलाखत. विचारलं, तुमच्या गावातल्या बायका ग्रामसभेत काय बोलतात? मी म्हटलं, माहीत नाही, मी कधी गेलेले नाही. एक मॅडम हसल्या. चांगलं लक्षण.

३१ जुलै
निवड एकीची. प्रतीक्षा यादीत मी दुसरी. उमेदवार तिघी होतो.

४ ऑगस्ट
सरांना अखेर सांगितलं. ते म्हणाले, “माझ्या गावी मीही दर सभेला हजर असतो.” मग म्हणाले, एकदा स्वतः जाऊन डोकी मोज, आणि प्रकरणं नव्याने लिही. पाचही.

१० ऑगस्ट
निश्चय पक्का. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला मी स्वतः जाणार, बायका एकेक करून मोजणार.
दुपारी शिनोलीच्या आत्याकडून परतले, तर जानकूभाऊ येऊन गेलेले. झेंडावंदनाच्या गडबडीत जमत नाही, म्हणून या खेपेला सह्या आधीच घेतात म्हणे. माझी आईने केली.

शनिवार, १५ ऑगस्ट, सकाळी दहा. हजेरी लागली आहे. जायचं तेवढं राहिलंय.