पंख्याबिगरचा पंप

मंगळवार, सांजच्याला

भाऊजी चौसाळ्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, म्हणून सगळी अक्कल त्यांनाच! माझ्या नातीला, स्वातीला, पुढं शिकवायचं का, हे माझा लेक त्यांना विचारून ठरवणार होता. अरे, कावून? त्यांनाच का?

स्वातीनं काचेच्या पट्टीत केसाएवढी नळी केलीय. दोन्ही टोकांना बॅटरीच्या वायरी लावल्या की पाणी आपोआप सरकतं; हाच तिचा पंप. औषध थेंबाथेंबानं सोडायला कामाचं म्हणे. सगळं कळलं असं न्हाई, पण भिंगातून पाहिलं. लई गोड!

भाऊजी म्हणले, "ह्यात पाणी ढकलायला पंखा कुठंय? मिरचीचं एक रोप तरी भिजंल का?"

पंखा न्हाई, पंखा न्हाई, तेच एक धरून बसले. वर 'पंप आधी पाण्यानं भरावा लागतो' म्हणत तांब्यातलं बोरचं खारं पाणी ओतलं! बुडबुडे आले, बंद पडला. काय ते भाऊजींचं दात काढणं!

पोरगी रडली न्हाई. बॅटरीत घालायच्या पाण्यानं पट्टी धुतली, पुन्हा चालू केली. "आजोबा, ह्याला खारं चालत न्हाई."

मी लेकाला तिथंच म्हणलं, "कॉलेजचा फॉर्म भर तिचा. ह्यांना बोरात मोटार अडकल्यावर विचार."

भाऊजी चहासाठी बसून होते. मी ठेवलाच न्हाई.