चाळीस कोट, दोन फौजा

श्रीयुत व्याहीबुवा यांचे सेवेशी,

आदरपूर्वक नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो, असे कन्येच्या (म्हणजे आपल्या सूनबाईंच्या) पत्रावरून कळले, आनंद झाला. विहीणबाईंची प्रकृतीही उत्तम असावी. इकडे सर्व कुशल आहे. मी मात्र सध्या चित्रपटात आहे.

हे वाचून आपण चष्मा काढून पुसला असेल, तर तो पुन्हा लावावा. आपल्या चिमुकल्या देशातून दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या फौजा गेल्या, त्या युद्धावर येथे चित्रपट चालला आहे. (मी तेव्हा चौथीत होतो. प्रथम उत्तरेच्या फौजेने आमच्या शाळेत तळ ठोकून बाके जाळली. मग दक्षिणेच्या फौजेने येऊन, बाके कोठे गेली, म्हणून गुरुजींनाच दरडावले. माझे शिक्षण संपले ते तेथे. नापास झालो नव्हतो, हे नमूद करतो.) मोठ्या राष्ट्रांच्या युद्धपटात कोण जिंकले ते दाखवतात, आपल्यासारख्यांच्या युद्धपटात, ते गेल्यावर अंगण कोणी झाडले ते दाखवावे लागते.

चित्रपट कंपनीजवळ माणसे चाळीसच, तीही बेकरीतली. सकाळी तीच उत्तरेची फौज, दुपारी तीच दक्षिणेची. सबब असे कोट हवे होते, जे एका अंगाने करडे आणि उलटे केले की हिरवे. ते मी शिवले. दिग्दर्शक इतके प्रसन्न झाले की त्यांनी मला भूमिकाही दिली: दारात उभ्या म्हाताऱ्याची. दोन्ही फौजांना एकच वाक्य सुनावायचे, "आत यायचे असेल, तर पाय पुसून या." व्याहीबुवा, या वयात मला दुसरी कसलीही हाव नाही, पण हे वाक्य माझ्या तोंडून पडद्यावर जावे, एवढे मात्र मनापासून वाटते. त्या काळी आमच्या घरात ते कोणालाच म्हणता आले नव्हते.

सकाळी उत्तरेच्या फौजेला ते मी असे ठणकावले की सर्वांत पुढे असलेल्या बेकरीच्या मुकादमाने खरोखरच पाय पुसले. दुपारी कोट उलटले. तोच मुकादम दक्षिणेचा सुभेदार होऊन समोर ठाकला आणि माझी नजर त्याच्या छातीवर गेली. कोट उलटला की बटणे उजवीकडून डावीकडे जातात, हे शिवताना माझ्या ध्यानातच आले नव्हते. चाळीस शूर शिपाई, आणि बटणे सगळी बायकांच्या कोटासारखी. (चूक सर्वस्वी माझी. दुकान उघडल्यापासूनची पहिली.) कॅमेरा चालू होता. मी वाक्य विसरलो आणि "थांबा, आधी कोट काढा" असे म्हणून सुभेदाराची बटणे सोडू लागलो. फौज शिस्तीची, पुढचा काढतो आहे, असे पाहून मागच्या सर्वांनी कोट उतरवले. आत बेकरीचे बनियन. एक गोळी न झाडता बलाढ्य दक्षिणेची फौज माझ्या दारात उघडी पडली.

"मास्तर," मुकादम म्हणाला, "इतक्या पटकन आम्हाला कुणीच हरवलं नव्हतं."

दिग्दर्शक हसले नाहीत. तो प्रसंग येत्या सोमवारी पुन्हा घ्यायचा आहे. बटणे मी तीन दिवसांत कापडी पट्टीखाली झाकून टाकली आहेत आणि वाक्य रोज आरशासमोर म्हणतो आहे.

लिहिण्यात काही कमीजास्त झाले असल्यास, कापड आखूड पडले असे समजून सांभाळून घ्यावे.

आपला नम्र,
सूनबाईंचा पिता

ता. क. काल दिग्दर्शक आमच्याकडे चहाला आले होते. शिपायाच्या बटणांकडे न पाहता तोंडाकडे पाहील, असा म्हातारा हवा, असे ते म्हणत होते. तेवढ्यात त्यांना भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत आपण दिसलात. विशेषतः आपली मिशी. सोमवारी त्या दारात आपण उभे राहावे, असा त्यांचा निरोप आहे. तो मी येथे प्रामाणिकपणे पोचवला आहे.

पुन्हा ता. क. मी वधूपिता, आपल्याला आग्रह करण्याचा अधिकार मला नाही. तरी हात जोडून विनंती, की आपण अवश्य यावे. मात्र मिशी घरी ठेवून यावे.