भरडावरची पहिली कबर

मी, पास्कू जुजे फर्नांडिस, वय ५४, धंदा गवंडीकाम, राहणार खुरीसवाडी, तालुका मालवण, माझ्यामागे काय कोणाचं आणि काय कसं व्हावं, ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. वकिलाच्या मसुद्यात पहिल्याच पानावर सर्व्हे नंबर चुकला होता, म्हणून तो परत केला. मी शाळा चौथीपर्यंत शिकलो. बाकी वाचून आणि मोजून शिकलो. येत्या सोमवारी छातीचं ऑपरेशन आहे. बुद्धी ठिकाणावर आहे, हात कापत नाही. भीती मात्र वाटते, आणि ती ऑपरेशनची नाही.

१. राहतं घर, मागचे नऊ माड धरून, माझी मुलगी आनमारी हिला. विहीर दोन वर्षांपासून मचूळ झाली आहे. तिने ते पाणी पिऊ नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. वरच्या भरडावरची, म्हणजे कातळमाळावरची, काजूची जमीन, साडेअकरा गुंठे, आमच्या कपेलाला, वाडीच्या लहान चर्चला, नव्या दफनभूमीसाठी कायमची. तिथली गोड्या पाण्याची विहीर सगळ्या वाडीला, खारवी मच्छीमारांच्या घरांनाही, मोकळी राहावी. वादळात जो वर चढून येईल त्याला तिथली पडवी उघडून द्यावी. लाटेने आजवर कोणाचा बाप्तिस्मा विचारलेला नाही.

३. खालच्या, समुद्राकडच्या जुन्या दफनभूमीची चिऱ्याची भिंत मी २००१ साली बांधली. लांबी ६२ फूट, ओळंब्यात एक सूत फरक नाही. तिच्यासाठी केवडा मी तोडला, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल मी उपटली. भिंत उभी आहे. पण तिच्यावर आपटलेलं पाणी दोन्ही टोकांना वळतं आणि तिथून जमीन खातं. १९९८ साली कबरींपासून उधाणाची रेघ ११८ फुटांवर होती, आज ३७ वर आहे. दर्या चढतोच आहे, त्यात माझ्या भिंतीने त्याला वाट दाखवली. गेल्या नोव्हेंबरात फयान वादळात माझ्या आईची कबर उघडी पडली. हाडं मी ओंजळीने गोळा केली. आयुष्यात पहिल्यांदा काही मोजलं नाही.

भिंत पाडावी. चिरे वर नेऊन नव्या जागेचं कुंपण करावं. खाली परत केवडा आणि मर्यादवेल लावावी. सृष्टी सांभाळणं हे आपलं काम, असं फादर प्रवचनात सांगतात. ते खरंच आहे. तर मग एका रविवारी मिस्सा संपल्यावर सगळ्यांनी खोरी घेऊन खाली उतरावं, कपेलाची कमिटी पुढे.

४. माझी हत्यारं, म्हणजे ओळंबा, पाणसळ, गुण्या आणि तिन्ही थाप्या, त्या भिंतीचा पहिला चिरा जो काढेल त्याला.

५. मोठा भाऊ इनास कमिटीचा प्रमुख आहे. भिंतीवर आणखी पाच थर चढवा, असं त्याचं म्हणणं. भरल्या सभेत तो मला म्हणाला, "पास्कू, इतको भियतंस तर बांद्याक घर बांध, थंय दर्याच नाय!" सगळे हसले. मी म्हटलं, "दादा, मी दर्याक नाय, माज्या भिंतीक भियतंय." त्यावर कोणी हसलं नाही, आणि ऐकलंही नाही. इनासला माझी घडीची खुर्ची देतो. अट एकच: अमावास्येच्या उधाणाला भिंतीच्या दक्षिण टोकाला ती मांडून त्याने एक अख्खी भरती बघावी. साक्षीदाराला कायद्याने वस्तू मिळत नाही, म्हणून त्याची सही घेतली नाही; राग मानू नये.

६. माझं दफन. दोन वर्षांपूर्वी मी भरडावरची जागा तोंडी दिली, फादरनी तिला आशीर्वाद दिला. त्यानंतर वाडीत सात मरणं झाली. सातही माणसं खालीच पुरली. प्रत्येक घर एकच बोललं, "आमचा माणूस थंय एकटाच कसा ठेवचा?" त्या सातांतली एक माझी बायको रोजालिन. जमीन देणारा मी, आणि तिला खाली मीच नेलं. ओसाड भरडावर तिला एकटी सोडून घरी यायला माझा पाय निघाला नसता. तिच्या कबरीवरच्या खुरसापासून पाणी आता ४१ फुटांवर आहे. पाऊस तीन आठवड्यांवर आला.

तिच्या शेजारी स्वतःसाठी राखलेली जागा मी सोडतो. मला भरडावर पुरावं. कबर उघडायची मुदत भरली की रोजालिनला वर आणून माझ्या उजवीकडे ठेवावं. त्याआधी पाणी तिच्यापर्यंत पोचलं तर काय करावं, ते मला लिहिता येत नाही.

शेजारचा लवू केळुसकर, खारवी, साक्षीला आला. हे कलम वाचून त्याने विचारलं, "थंय एकटोच रे? भिवचंस नाय?"

"भियतलंय."

"मगे?"

"कोणीतरी पयलो होवक व्हयो."

त्याने कागद माझ्या पुढ्यात परत ठेवला. मग म्हणाला, "आमची सून सीता रोज सकाळी त्या बावडेर पाणी भरूक येतली. तुका हाक मारीत. गजाली करूक तिका जितोच माणूस लागता असा काय नाय."

मी हसलो. हसताना छातीत दुखलं.

७. माझ्या डावीकडे सहा फूट सोडून वाडीतल्या पुढच्या कबरीची खूण आजच करून ठेवली आहे. ती उशिरा भरावी, ही माझी प्रार्थना. पण ती तिथेच भरावी, ही माझी अट.

वरचं सगळं वाचून, समजून सही करतो.

पास्कू जुजे फर्नांडिस

आमच्यासमोर सही केली, आणि त्याच्यासमोर आम्ही केली:
१. लवू धाकू केळुसकर
२. मिंगेल सालू आल्मेडा

खुरीसवाडी, तालुका मालवण
१४ मे २०१०, अमावास्या