ऑक्टोबरचा निकाल

कोल्हापूर,
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

प्रिय सना आपा,

सलाम. तू, भाऊजी आणि तुझ्या सासूबाई मजेत असाल. इकडे अम्मीचा गुडघा आता बरा आहे. अब्बांनी चहा सोडला होता, तो परत धरला. कागलची बस इथून दर अर्ध्या तासाला सुटते, तरी मी पत्र लिहितोय. कारण पुढे येईल.

आधी आनंदाची बातमी. माझी गोष्ट एका दिवाळी अंकाने घेतली! संपादकांचं पत्र मी तीनदा वाचलं. आमच्या बाइंडिंगच्या दुकानात दुसऱ्यांचंही टपाल येतं, म्हणून लिफाफ्यावरचं नावसुद्धा पुन्हा तपासलं. माझंच आहे. सात वर्षं मी दुसऱ्यांची पुस्तकं शिवतोय, आपा. आता आतल्या पानावर माझं नाव येईल.

हे सगळं रविवारच्या वर्गामुळे. निशिगंधाबाई तीस वर्षं पुण्यात पुस्तकांचं संपादन करून इकडे परत आल्या आणि वाचनालयाच्या माडीवर आम्हा नऊ जणांना शिकवतात. लिहावं कसं हे त्या थोडंच सांगतात. लिहून झाल्यावर काय करायचं, हे जास्त. कुठल्या अंकाला कधी पाठवायचं, करारातलं कुठलं कलम दोनदा वाचायचं, मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, कशी तपासायची. महिन्यातला एक रविवार नकारांचा असतो. आलेलं नकाराचं पत्र उभं राहून मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. ज्याचे नकार जास्त, त्याला बाईंकडून मिसळ. राजवर्धन एम. ए. आहे, पण सलग चार महिने मिसळ तोच खातोय. आम्ही त्याला मिसळसम्राट म्हणतो.

मी संपादकांना लिहिलेलं पहिलं पत्र चार पानी झालं होतं. बाईंनी ते वर्गातच वाचलं. म्हणाल्या, "अहो पावणं, गोष्ट पाठवताय का पोरगी बघायला निघालाय? नववीत शाळा सोडली, घरी कोण कोण हाय, हे कशाला?"

मी म्हटलं, "पण बाई, मागनं कळलं तर?"

"कळू दे की! गोष्ट कितवी शिकली, ते कोण इचारत न्हाई. चार ओळी लिहा आन् सही ठोका."

सगळे हसले, मीही हसलो. शाळेत माझ्यावर हसले तेव्हा मला हसता आलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. गोष्ट पाठवण्याआधी बाई एक छापील कागद भरून घेतात. पानांवर आकडे घातले का, एक प्रत घरी ठेवली का, असे बारा प्रश्न. शेवटचा असा: गोष्ट खऱ्या माणसाची असल्यास त्या माणसाने ती वाचली आहे का? मी त्यापुढे 'होय' लिहिलं.

आपा, तू ती वाचलेली नाहीस.

गोष्टीतल्या मुलीचं नाव शबाना आहे. गावही बदललंय. पण तिच्या दहावीच्या निकालाआधीच तिचे वडील गल्लीभर पेढे वाटून बसतात. ती नेट कॅफेतून येते, दारातली गर्दी बघते आणि 'पास' म्हणते. गणितात नापास झाल्याचं फक्त धाकट्या भावाला ठाऊक असतं. मग शिवणक्लासला जाते असं सांगून ती स्टँडवरच्या बाकावर गणितं सोडवते, ऑक्टोबरच्या परीक्षेला बसते आणि खरंच पास होते. त्या दिवशी तिला कुणालाच काही सांगता येत नाही. गोष्ट तिथेच संपते.

कुणाला सांगणार नाही, अशी शपथ मी तुझ्यापुढे घेतली होती. बारा वर्षं पाळली आणि आता तीच गोष्ट छापायला दिली. तुझ्या सासरी कुणी अंक वाचला तर, हा विचार मला गोष्ट घेतल्यावर सुचला, आधी नाही. तुझ्यासमोर येऊन हे बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून पत्र.

आज बाईंना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. फोन माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "थांबवा." संपादक म्हणाले, "मंगळवार सोळा तारखेपर्यंत थांबतो. नाहीतर त्या पानांवर साड्यांची जाहिरात घेतो." संपादकांच्या पत्राबरोबर आलेली मुद्रितं सोबत पाठवतोय. तू 'नको' म्हणालीस तर मी साड्यांचा राग धरणार नाही.

तुझं उत्तर काहीही असलं तरी तुझाच,
साद


कोल्हापूर,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय आपा,

तुझं पत्र काल मिळालं. लिफाफा जाड होता, म्हणून मुद्रितं फाडून परत पाठवलीस असं वाटलं. दुकानात उघडायचा धीर होईना. आज वर्गात राजवर्धनला उघडायला लावलं आणि तो नकाराचं समजून उभा राहून मोठ्याने वाचायला लागला!

"साद, तू लई शहाणा झालास व्हय रं?" या पहिल्याच ओळीला टाळ्या पडल्या. मग तू लिहिलंयस की बुधवारी जेवणं झाल्यावर सासूबाईंना, म्हणजे ताजबी अम्मांना, तूच अख्खी गोष्ट वाचून दाखवलीस. त्या म्हणाल्या, "आगं, दोन डाव परीक्षा दिलीस हे लपवायचं हाय का सांगायचं? मला तर शाळेचं दार बी ठावं न्हाई." पुढचं राजवर्धनला वाचवेना, म्हणून बाईंनी वाचलं.

"बारा वर्सं मला वाटत हुतं, मी लबाड पोरगी. तुझ्या गोष्टीतली पोरगी लबाड न्हाई, कष्टाळू हाय. मग ही शबाना कोण? उन्हात बाकावर मी बसले, गणितं मी सोडवली, आन् नाव तिचं? माझं नाव घाल, न्हाईतर छापू नगंस."

बाईंनी पत्र खाली ठेवलं, लिफाफ्यातली शाबूत मुद्रितं पुढे ओढली, लाल पेन उघडलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "मुद्रितात इतके बदल केले की संपादक चिडतो. हे शिकवलंय मी. तरी करा."

शबाना चौदा ठिकाणी होती. तिला चौदाही ठिकाणी खोडून समासात 'सना' लिहिलं. वर्गातले सगळे माझ्याभोवती उभे राहून मोजत होते. संपादकांना फोन केला, ते थोडे चिडले, मग म्हणाले, "बहिणीला सलाम सांगा." सांगितला. उद्या सकाळी पहिलं काम, मुद्रितं कुरिअरने पाठवणं.

तुझ्या परवानगीने लेखक झालेला,
साद