परवाना भिंतीवर, परवानाधारक खुर्चीवर

प्रति,
मा. विद्युत निरीक्षक,
परवाना विभाग.

विषय : माझा परवाना वापरणाऱ्या कंपनीने मला कामाच्या जागी जाऊ देण्याबाबत, ते जमत नसल्यास परवाना रद्द करण्याबाबत.
संदर्भ : याच विषयावरील माझे आधीचे दोन अर्ज. पोच मिळाली, उत्तर नाही.

महोदय,

मी परवानाधारक वीजतंत्री असून एका वायरिंग कंपनीत नोकरीस आहे. कंपनीचा स्वतःचा परवाना नाही. माझाच मालकांच्या खुर्चीमागे टांगला आहे व त्यावर कामे मिळतात. नोकरी धरताना मी एकच अट घातली होती, की प्रत्येक काम जागेवर जाऊन तपासेन, मगच काम सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर सही करेन. मालक म्हणाले, "काका, तुम्ही म्हणाल तसं." अट नेमणूकपत्रात आहे. ती आजवर एकदाही पाळली गेलेली नाही.

जागेवर न्या म्हटले की मला दुसरेच काहीतरी मिळते. आधी पंखा मिळाला, मग फिरती खुर्ची, मग पगारवाढ व 'तांत्रिक सल्लागार' अशी पाटी. हल्ली स्वतंत्र खोली आहे. तिला खिडकी नाही. माझा सारा जन्म शिडीवर गेला. विजेच्या कुठल्याही पेटीला आधी हाताची पाठ लावून बघायची, म्हणजे करंट असला तरी हात चिकटत नाही, ही सवय. आता मी चहाच्या किटलीलाही हाताची पाठ लावतो. ऑफिसातली पोरे हसतात, हसू देत.

परंतु आता एका पाळणाघराचा दाखला सहीला आला. मी सुट्टीच्या दिवशी स्वतःच तेथे गेलो. यादीत नाव नाही म्हणून पहारेकऱ्याने अडवले. दाखल्यावर माझेच नाव आहे असे सांगता तो म्हणाला, "मग सही करा की, आत कशाला येताय?" शेवटी दया येऊन त्याने सोडले. पाण्याच्या कूलरची अर्थिंगची तार जमिनीत जायला हवी, ती भिंतीआड नुसतीच लोंबत होती. उद्या कूलर बिघडला तर ओल्या हाताने पाणी घेणारे पोर जागीच चिकटेल. मालकांना सांगितले. "काका, लाइट लागतोय ना? मग झालं," म्हणाले आणि खिडकीची खोली देऊ केली.

मी सही केली नाही. त्यावाचून काही अडले नाही. आपल्या कार्यालयाने परवान्याची छायाप्रत पाहून जोडणी मंजूर केली.

पत्नीचे म्हणणे, पगार वेळेवर येतो, या वयात कशाला धावाधाव करता. तिचे चूक नाही, घर तिलाच चालवायचे असते. तरी हा अर्ज तिच्याच अक्षरात आहे, कारण माझे आपणास लागले नसते. साहेब, मी थकलो आहे. भांडायची ताकद उरलेली नाही.

तरी ती जोडणी थांबवून मला काम तपासू द्यावे. नियमात बसत नसल्यास माझा परवाना आजच रद्द करावा, म्हणजे त्याची छायाप्रतही चालणार नाही. त्यानंतर मला कोणी दारात उभे करणार नाही, हे जाणून लिहीत आहे. उत्तर टपालाने पाठवू नये, मी बाहेर बाकावर बसलो आहे. सोमवारपासून तेथे मुले येणार आहेत.

आपला नम्र,
व आपण ठरवाल तोवर परवानाधारक,
वीजतंत्री

दिनांक : शुक्रवार, कार्यालय उघडताना
सोबत : नेमणूकपत्राची प्रत