रोह्याला गाढव म्हणणाऱ्याची माफी मी मागणार नाही

महागाव, मंगळवार

तीर्थरूप भारतभाऊ यांस,

धाकट्या बहिणीचा, उज्ज्वलाचा जय सेवालाल आणि दोन्ही हात जोडून नमस्कार. (नमस्कार खरा आहे. त्यात माफी शोधू नका, ती नाही.) आम्ही इकडे सगळे ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही? वहिनींनी मीठ कमी केलं का, की डॉक्टरांना सांगण्यापुरतंच कमी केलं? तुमच्या ओमला म्हणावं, लग्नाआधी ती दाढी काढ, फोटोत नवरदेव आणि त्याचा काका वेगळे ओळखू आले पाहिजेत.

परवा तुम्ही तुमच्या जावयांना फोन करून म्हणालात, "तिले सांगा, आठ दिवसांत देवसिंग सरांची माफी माग, नाहीतर ओमचं जमलेलं मोडते." आमचे हे, सेवादास, तेव्हा आपल्या झेरॉक्सच्या दुकानात होते आणि फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सातबाऱ्याच्या नकला काढायला आलेल्या पाच माणसांनाही तुमचा निरोप मिळाला. (त्यातले दोघे घरी येऊन मला सांगून गेले.) फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. कागदावर मात्र मला मध्येच तोडता येणार नाही, म्हणून हे पत्र.

अंगणवाडीतल्या लेकरांसाठी मी कागदाच्या घड्या घालून वस्तू करते हे तुम्हाला माहीत आहे. होडी, बेडूक, चिमणी हे सगळ्यांनाच येतं. मला आपल्या शिवारातला प्राणी पाहिजे होता, कोणी अजून घडीत न बसवलेला. म्हणून रोही, पुस्तकातली नीलगाय. एकच चौकोनी कागद, कात्री नाही, डिंक नाही, आणि त्यातून चार पाय, मान आणि गळ्याखालचा केसांचा झुपका. पहिलं वर्ष पायांतच गेलं. कधी तीन निघायचे, कधी पाच. (पाच पायांचा एक अजून टीव्हीवर उभा आहे, लेकरांना तोच जास्त आवडतो.) दुकानातले बिघडलेले कागद उचलून आणायची, त्यामुळे माझ्या सुरुवातीच्या रोह्यांच्या पाठीवर कोणाचं रेशनकार्ड तर कोणाचा जातीचा दाखला असायचा. सेवादास म्हणायचे, "वावरात तूर खाऊन राह्यले तेवढे पुरत नाहीत काय, आता घरात बी आणून राह्यली?" तुरीचं नुकसान मलाही दिसतं, भाऊ. पण पळत्या रोह्याची मान दिसली की मला तूर आठवत नाही, त्याला मी काय करू? दुसऱ्या वर्षी होळीच्या सुमारास तो स्वतःच्या चार पायांवर उभा राहिला, पंखा सुरू असतानाही पडला नाही, आणि मी रडले. (हे तुमच्या आर्णीत कोणाला सांगू नका.)

मग मी बेचाळीस पायऱ्यांचे बेचाळीस फोटो काढले, खाली काय करायचं ते लिहिलं आणि सगळ्या सेविकांना, मैत्रिणींना मोबाइलवर पाठवून दिलं. शेवटी एक ओळ होती: "कोणीही करा, कोणालाही शिकवा, फक्त उज्ज्वला राठोड, महागाव हे नाव राहू द्या." महिन्याभरात परभणीहून एका बाईनं गुलाबी रोही पाठवला. गडचिरोलीहून एकीनं विचारलं की ताई, मान कुठून मोडायची. भाऊ, मी आजवर परभणी पाहिली नाही, पण माझं नाव तिथं जाऊन आलं. तुम्हाला यात काय विशेष असं वाटेल. तुमचं नाव घराच्या पाटीवर आहे, गाडीच्या काचेवर आहे. माझं तेवढंच होतं.

आता मागच्या गुरुवारचं. आर्णीच्या सभागृहात आम्हा ऐंशी सेविकांना कागदकलेची कार्यशाळा होती आणि शिकवायला कोण, तर तुमचे होणारे व्याही, निवृत्त चित्रकला शिक्षक देवसिंग सर. मी तिसऱ्या रांगेत बसून मोठ्या मनानं टाळ्या वाजवल्या. (होणारे व्याही म्हणून दोन जास्तच.) मग सरांनी स्वतः छापलेली पुस्तिका वाटली. नवव्या पानावर माझा रोही. तोच कागद, त्याच बेचाळीस पायऱ्या, तेच फोटो, फक्त शेवटची ओळ गायब. आणि वर मोठ्या अक्षरांत मथळा: "गाढव. रचना : देवसिंग सर." चोरीचं मी कदाचित गिळलं असतं, भाऊ. गाढव गिळता येईना.

मी उठून उभी राहिले. "सर, हे बोट कोणाचं हाय?"

"कोणतं बोट?"

"अकराव्या पायरीतलं. हिरव्या बांगड्यावाल्या हाताचं."

मागून आमच्यातल्याच एका सेविकेचं, अंजूताईचं हसणं. (ती हसली की सगळ्यांना हसावं लागतं.) सर म्हणाले, चित्रं केवळ नमुन्यादाखल आहेत, रचना माझीच आहे. मी म्हटलं, "मंग एकडाव करून दाखवा." त्यांनी कागद घेतला. सोळाव्या पायरीपर्यंत बरं चाललं. सतराव्याला मागचे पाय आतून उलटवून बाहेर काढायचे असतात, तिथं त्यांनी कागद ओढला आणि तो फाटला. दुसरा घेतला, तोही फाटला. तिसरा त्यांनी सोळाव्या पायरीवरच हातात धरून ठेवला. मला वाईट वाटलं, भाऊ, खरंच वाटलं. (सरांचंही, कागदाचंही.) मी वर गेले, त्यांच्या हातातला कागद घेतला आणि उरलेल्या सगळ्या घड्या ऐंशी जणींसमोर घातल्या. मग फळ्यावर लिहिलं, "रोही. उज्ज्वला राठोड, महागाव." एवढंच. चोर हा शब्द मी उच्चारला नाही. तुमच्यापर्यंत तो कसा पोचला ते अंजूताईला विचारा.

सर न जेवता निघून गेले आणि तुमचा फोन आला. तुम्ही म्हणता, बाईमाणसानं चारचौघांत व्याह्याचा पाणउतारा करायचा नसतो. मग व्याह्यानं बाईमाणसाचं काम स्वतःच्या नावावर छापायचं असतं का? हे तुम्ही त्यांना विचारलं का? नाही ना? मग माफी मी मागणार नाही, आठ दिवसांत नाही आणि आठ वर्षांतही नाही.

आणि जमलेलं मोडायची काळजी सोडा. काल दुपारी तुमची होणारी सून, जया, एकटी स्कूटीवरून आमच्याकडे आली. समोर पायाशी खोका, त्यात उरलेल्या दोनशे पुस्तिका. म्हणाली, "आत्या, बाबांनी आज सकाळी खोका माह्यापुढं ठेवला अन् म्हणाले, घेऊन जा, तिले जे करायचं ते करू दे." आम्ही दोघींनी "रोही" आणि माझ्या नावाची चिठ्ठी छापून नवव्या पानावर चिकटवली. दोनशे वेळा. पोरगी हातानं स्वच्छ आहे आणि तोंडानं सरळ. ओमचं नशीब चांगलं आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुमची बहीण (माफी न मागणारी)
उज्ज्वला

ता. क. : देवसिंग सरांचा आत्ताच फोन येऊन गेला. सतरावी पायरी परत एकदा सांगता का म्हणाले. रविवारी या म्हटलं.

ता. क. २ : आता खरं काम. जया गेल्यावर माझ्या सासूबाईंनी, बिजलीबाईंनी, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते सेवादासकडून वाचून घेतलं आणि मला म्हणाल्या, "अन् कान कोनी काढले वं?" भाऊ, कान त्यांनी काढले. मी चार महिने डोकं फोडत होते. त्यांनी एक दिवस भरतकामाची सुई बाजूला ठेवली, कागद हातात घेतला आणि दोन घड्यांत कान उभे केले. परभणीला गेलेल्या बेचाळीस पायऱ्यांत शेवटच्या दोन त्यांच्या आहेत आणि त्यांचं नाव मी कुठंच लिहिलं नाही. लिहायचं राहून गेलं म्हणावं तर तेही खरं नाही. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. तुमचं ऐकतात, कारण तुम्ही त्यांच्या चहाला कधी नावं ठेवली नाहीत. तेव्हा रविवारी वहिनींना घेऊन या, त्यांना समजवा, आणि डिंकाची मोठी बाटली आणा. दोनशे चिठ्ठ्या परत चिकटवायच्या आहेत. नव्या चिठ्ठीवर त्यांचं नाव वर आहे, माझं खाली. यावर वाद घालू नका. मी स्वतःशीच घालून पाहिला.